गिनी कोंबडीचं खाद्य

कादंबरी, चितंबरी, श्वेतांबरी! नावं कवीनं ठेवल्यासारखी, पण हे इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनं काढलेले गिनी कोंबडीचे वाण.

देवगडच्या हापूस बागेत सोडली की गिनी कोंबडी वाळवी, किडे स्वतः टिपते. किडे म्हणजे प्रथिनं; म्हणून पिल्लांनाही नुसत्या कणी-कोंड्यावर ठेवू नका. पहिले चार आठवडे त्यांना सुमारे २४ टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं, मग हळूहळू १६ टक्क्यांपर्यंत उतरता येतं. जुन्यात नवं मिसळत बदलाला आठवडा द्या. लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या, खाद्यातलं जादा कॅल्शियम मात्र पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधतं. खारवलेली सुकटही नकोच. पावसाळ्यात बुरशी आलेलं पोतं उन्हात वाळवून वापरू नका, टाकून द्या. आणि मोहोरावर फवारणी झाली की पक्षी बागेत सोडू नका.