मागून लावलेलं इंजिन



याच शाळेत मी शिकलो. आज या खुर्चीवर बसवलंत, शाल आणि श्रीफळ दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

मी रेल्वेत लोको पायलट आहे. माझी बरीच वर्षं घाटात बँकर इंजिनावर गेली. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला का थांबते, हे तुम्हाला सांगायला नको. त्या थांब्यावरच तर आपला बटाटावडा महाराष्ट्रभर पोचला. पण गाडी वड्यासाठी थांबत नाही. ती थांबते मागे इंजिनं जोडण्यासाठी. बोरघाटातला चढ सदतीसास एक असा आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. रेल्वेसाठी हा फार कडक चढ. १८६३ साली ही वाट सुरू झाली, तेव्हापासून हा घाट गाडीची परीक्षा घेतो आहे. म्हणून मागून रेटायला बँकर लागतात आणि लोणावळा आलं की ते सुटतात. पुढे गाडी वेळेवर पोचली तर नाव गाडीचं होतं. ते तसंच असायला हवं.

पण मी आज बोलणार आहे ते धावण्याबद्दल. इंजिनाची गोष्ट त्यात आपोआप येईल.

मी आणि माझा एक बालमित्र, आम्ही दोघांनी ठरवलं की अर्ध मॅरेथॉन धावायची. अंतर २१ किलोमीटर आणि वर ९७.५ मीटर. मित्राच्या पाच म्हशी आहेत आणि थोडी भातशेती. पहाटे चारला धारा, मग दुधाचं वाटप. माझी ड्युटी कधी रात्रीची, कधी पहाटेची. मॅरेथॉन म्हटलं की सगळे पहाटे उठून धावतात, पण आमच्या दोघांच्या पहाटा आमच्या नव्हत्याच. उरली संध्याकाळ. तीही मिळाली ती मित्राच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, संध्याकाळच्या धारा आपल्याकडे घेतल्या म्हणून. आमच्या धावण्यातला तिसरा माणूस त्या आहेत, हे मला या व्यासपीठावरून सांगायचं होतं.

रस्ता ठरला कर्जतहून खोपोलीकडे जाणारा. पळसदरीमार्गे साडेदहा किलोमीटर जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. नंबर नाही, पदक नाही, टाळ्या वाजवणारं कोणी नाही.

पहिल्या वर्षी काय झालं ते आधी सांगतो, कारण आज खरं तर तेच सांगायला आलो आहे. परतीच्या वाटेवर, चौदाव्या किलोमीटरच्या सुमारास मित्राचा वेग पडला. तो म्हणाला, "तू हो पुढे." मी झालो. माझे पाय चांगले चालत होते, घड्याळात वेळ चांगली दिसत होती. दोन तास नऊ मिनिटांत मी कर्जतला पोचलो. दहा मिनिटं वाट पाहिली, वीस मिनिटं पाहिली. मग मोटारसायकल काढून मागे गेलो. तो अंधारात एका मोरीच्या कठड्यावर बसला होता. पोटरीत पेटका आला होता, पाय टेकवत नव्हता. मला पाहून त्याने एवढंच विचारलं, "पोचलास का नीट?"

त्या प्रश्नाने मला जितकं शिकवलं तितकं कुठल्या वर्गात शिकलो नसेन. रोज बँकरवर बसणारा माणूस मी. गाडी दमली म्हणून बँकर तिला घाटात सोडून एकटा लोणावळ्याला गेला, असं आजवर घडलेलं नाही. आणि मी माझ्या मित्राला सोडून आलो होतो.

दुसऱ्या वर्षी गौरीगणपती उरकले आणि आम्ही पुन्हा तीन किलोमीटरपासून सुरुवात केली. ऑक्टोबरात भातकापणी आणि झोडणी आली, तेव्हा बारा दिवस तो आला नाही. मीही त्याच्या खळ्यावर जाऊन भारे उचलले, तोच त्या दिवसांचा व्यायाम. नियम एकच ठेवला: बोलता बोलता धावता येईल तेवढाच वेग. वाक्य पूर्ण करता येत नसेल तर पाय आवरायचे. लांब पल्ल्याच्या सरावासाठी ही चाचणी जगभर वापरतात. घड्याळ नसलं तरी चालेल, पण बोलायला शेजारी माणूस हवा.

आणि एक बदल केला. ज्याचा दम कमी तो पुढे, ज्याचा जास्त तो मागे. म्हणजे तो पुढे आणि मी मागे.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सव्वापाचला आम्ही निघालो. पळसदरी ओलांडली आणि ऊन डोंगरावरून उतरलं. वाटेत एका वाडीच्या तोंडाशी एक आजी कळशी घेऊन उभ्या होत्या. आम्हाला थांबवून त्यांनी पाणी दिलं, "बसून प्या रे, उभ्याने नको," म्हणाल्या. आम्ही दगडावर बसून प्यालो. दोन मिनिटं गेली असतील. त्या दोन मिनिटांचं मोल मला अजून वाटतं.

वळलो तेव्हा पूर्ण अंधार. सोळाव्या किलोमीटरला मित्राच्या पोटरीने पुन्हा कुरकुर सुरू केली. आम्ही थांबलो, पाय ताणला, लिंबू, मीठ आणि साखरेचं पाणी प्यालो आणि दोनशे पावलं चाललो. मग पुन्हा धावायला लागलो. माझ्या टॉर्चच्या उजेडात मला फक्त त्याची पाठ दिसत होती आणि बनियनवर वहिनींनी शिवलेली चमकणारी पट्टी. बँकरच्या काचेतूनही मला हेच दिसतं, पुढच्या डब्याची पाठ. तेवढ्यात उजव्या हाताला घाटात दिव्यांची ओळ सरकताना दिसली. पुण्याची गाडी चढत होती. मागचं इंजिन अंधारात दिसत नव्हतं, पण ते तिथे आहे हे मला माहीत होतं.

दोन तास अडतीस मिनिटांत आम्ही कर्जतला पोचलो. आदल्या वर्षीपेक्षा माझी वेळ एकोणतीस मिनिटांनी जास्त. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली धाव.

तुम्हाला वाटेल, मोठे धावपटू असं थांबत नाहीत. खरं आहे. आपल्या बीड जिल्ह्याच्या अविनाश साबळे यांनी २०२० मध्ये दिल्लीत हेच अंतर ६० मिनिटं ३० सेकंदांत कापलं. पण एकटेपण मोठ्यांनाही परवडत नाही. केनियाच्या एलिउद किपचोगे यांनी १२ ऑक्टोबर २०१९ ला व्हिएन्नामध्ये पूर्ण मॅरेथॉन १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत धावून दाखवली. त्यांच्याभोवती वारा अडवत, वेग सांभाळत आळीपाळीने अनेक धावपटू धावले. ती वेळ अधिकृत विक्रमात धरली गेली नाही. तरी शेवटी किपचोगे पुढे झाले, तेव्हा मागे राहिलेले ते धावपटू हात उंचावून नाचत होते. ते दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहतो.

आता आपल्या शेजारचं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता. धो धो पावसात, अंधारात, चिखलातून मदतीला माणसं पायी चढून गेली. चढतानाच अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याने प्राण सोडला. आपण डोंगराच्या पायथ्याशी राहतो. इथे पायात आणि छातीत दम असणं ही हौस नाही, ती शेजारधर्माची तयारी आहे. मी हे पूर्ण विचार करून म्हणतो.

तुम्ही लगेच एकवीस किलोमीटर धावू नका. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत त्याची घाई नको. दोन किंवा तीन किलोमीटर धावा, जेवणानंतर दोन तासांनी. रस्त्यावर असाल तर उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. कपडे फिक्या रंगाचे, हातात टॉर्च, कानात काही नको. गवतात पाय घालू नका, साप असतात.

मुलींनो, तुमच्या घरचे संध्याकाळी बाहेर पाठवायला कचरतात. त्यांची काळजी रास्त आहे. पण नाशिकच्या सावरपाड्यातल्या कविता राऊत आणि माणदेशातल्या मोही गावच्या ललिता बाबर याही खेड्यातूनच धावत पुढे आल्या. कविताताईंनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, ललिताताई २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. म्हणून पालकांना माझी हात जोडून विनंती आहे: मुलींना थांबवू नका, चौघीचौघींनी मिळून पाठवा आणि जमलं तर त्यांच्याबरोबर स्वतः या.

मुख्याध्यापक सरांशी माझं बोलणं झालं आहे. शाळेच्या मैदानाचं फाटक संध्याकाळी सातपर्यंत उघडं राहील. मैदानाच्या दोन टोकांना दोन दिवे माझ्याकडून. येत्या सोमवारपासून साडेपाच वाजता माझा मित्र तिथे असेल, ड्युटी नसेल त्या दिवशी मीही असेन. वर्गात जो सगळ्यात मागे बसतो, ज्याला खेळात कोणी आपल्या बाजूला घेत नाही, त्याला बरोबर घेऊन या. त्याला पुढे ठेवा, तुम्ही मागे राहा.