घरच्या घरी ध्वनिमुद्रण : घरघर, खरखर आणि फाटलेला आवाज



2014 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. माझी आत्या तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तिला जात्यावरच्या किती ओव्या येत होत्या, याची मोजदाद कुणीच केली नव्हती. सुट्टीत गावी गेलो होतो, खिशात नवा मोबाईल होता. दुपारची जेवणं झाल्यावर म्हटलं, "आत्या, म्हण की चार ओव्या, यात भरून ठेवतो." ती सोप्यात भिंतीला टेकून बसली. फोन मी समोरच्या कोनाड्यात ठेवला, मध्येच बॅटरी संपेल म्हणून चार्जरला लावला आणि उकडत होतं म्हणून पंखाही चालू ठेवला. पाऊण तास ती म्हणत होती. पुढच्याच वर्षी आत्या गेली.

ते ध्वनिमुद्रण माझ्यापाशी आहे. त्यात पंखा फार छान ऐकू येतो. आत्या मात्र विहिरीच्या तळातून म्हणत असावी, तशी वाटते. पुतण्यानं संगणकावर आवाज वाढवून दिला, तर पंखाही तेवढाच वाढला. आणि मध्ये एकदा तिनं कौतुकानं फोन हातात घेतला, तोंडाशी धरला आणि खणखणीत आवाजात एक ओवी म्हटली. तिथं आवाज फाटला आहे. त्या ओवीतले शब्द मला अजून लागलेले नाहीत.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. फार मोठं काम झालं ते. पण तुमच्या घरातली आजी त्यात असेलच, असं नाही. तिचा आवाज तुम्हालाच टिपायला हवा. आता साधन प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा मी केलेल्या चुका तुम्ही करू नयेत, एवढ्यासाठी हे बोलणं.

पहिली चूक अंतराची. आत्या आणि फोन यांच्यात चार हात अंतर होतं, म्हणजे आठ विती. अंतर दुप्पट झालं की आवाजाचा दाब साधारण निम्मा होतो. म्हणजे एका वितीवरून जो आवाज मिळाला असता, त्याचा आठवा हिस्सा माझ्या फोनला मिळाला. जाणकार याला अठरा डेसिबलचा फरक म्हणतील. पंख्याचा आवाज मात्र सोप्यात सगळीकडे सारखाच भरलेला. त्याला या अंतराशी काय देणंघेणं? म्हणून आवाज लहान आला की बटण फिरवून वाढवू नका. माणसाजवळ जा. बटण वाढवलं की बरोबर सर्र अशी बारीक खरखरही वाढते. टेपरेकॉर्डरच्या काळात ती फितीतूनच यायची. आज ती बहुधा लांबचा क्षीण आवाज ओढून मोठा केल्यामुळे येते.

फोन तोंडाच्या अगदी समोर नको, किंचित बाजूला हवा. नाहीतर प, फ, ब, भ म्हणताना तोंडातल्या वाऱ्याचा फट्‌ असा धक्का बसतो. आणि माईकचं भोक कुठं आहे ते आधी पाहून घ्या. पुष्कळ फोनमध्ये ते खाली, चार्जरच्या तोंडाजवळ असतं आणि आपला अंगठा नेमका तिथंच येतो.

बाहेरून छोटा माईक विकत आणला असेल, तर एक परीक्षा अवश्य करा. मुद्रण चालू करून माईकवर नखानं हलकेच खरवडा आणि मग ऐका. खरखर मोठी आली तर ठीक. नाही आली, तर फोन तुमच्या माईककडे पाहतच नाही, स्वतःच्याच कानानं ऐकतो आहे. पिनेवर किती वळी आहेत ते बघा. तीन काळ्या वळ्यांची पीन फोनला चालते. दोनच वळ्या असल्या तर फोन बहुधा तो माईक ओळखत नाही. मग मधे जोडणी लागते.

आता घुमणाऱ्या आवाजाकडे वळू. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते, आणि तेच पन्नास किंवा त्याची दुप्पट, शंभर, हुंऽऽ असं पाठीमागे घुमत राहतं. ते कुठून येतं हे तर्कानं शोधत बसू नका. कानाला हेडफोन लावा, सगळ्यांना गप्प बसवा आणि अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित करा. ती ऐका. मग पंखा, ट्यूबलाईट, फ्रीज, चार्जर एकेक बंद करत पुन्हा ऐका. चोर सापडतोच. लॅपटॉपवर घुमत असेल आणि चार्जर काढताच थांबत असेल, तर बॅटरीवरच काम उरका. काही जण अशा वेळी प्लगची तिसरी पीन मोडतात. तसं बिलकूल करू नका. ती जीव वाचवणारी पीन आहे.

फाटलेला आवाज हा मात्र असाध्य रोग समजा. यंत्राला आवाजाची एक कमाल मर्यादा असते. शेर ओतू गेला की वरचं धान्य मातीत, तसं मर्यादेपलीकडचं कापलं जातं. संगणकावर थोडीफार डागडुजी होते, पण गेलेलं खरंखुरं परत येत नाही. बारीक आवाज मागाहून मोठा करता येतो, म्हणून वर जागा सोडा. डेसिबलची पट्टी दिसत असेल, तर मोठ्यात मोठा आवाज उणे बाराच्या आसपास राहू द्या. आणि बरं का, चाचणीला माणसं लाजून हळू म्हणतात, रंगात आली की चढतात. म्हणून आधीच सांगा, "आजी, तुमची सगळ्यात मोठ्यानं म्हणायची ओवी आधी म्हणा," आणि त्यावर पातळी बसवा. 1925 साली विजेवरचं मुद्रण सुरू झालं. त्याआधी गायक भोंग्यासमोर उभे राहून गात आणि तार सूर लावताना मागे सरकत. आज आजींना सरकायला सांगू नका, फोन धरणाऱ्यानं दोन विती मागे जावं.

जात्यावर बसवूनच मुद्रण करायचं असेल, तर एक निराळी भानगड आहे. कित्येक फोनमध्ये गोंगाट आपोआप कमी करण्याची सोय असते. सतत चालणारा आवाज तिला गोंगाट वाटतो. जात्याची घरघरही तसलीच! ती पुसता पुसता ओवीचे कडेचे शब्दही ती खाऊन टाकते. सेटिंगमध्ये ही सोय दिसली तर बंद करा. फोन जमिनीवर ठेवू नका, जमिनीतून हादरे येतात. पाटावर गोधडीची घडी घालून तिच्यावर ठेवा. एक-दोन गोधड्या समोरच्या दोरीवर टाकल्या तर पत्र्याच्या घराचा घुमाराही कमी होतो. शक्य तर एकदा जात्याशिवाय आणि एकदा जात्यासकट म्हणवून घ्या. मला विचाराल तर दुसरं अधिक मोलाचं, पण शब्द लिहून काढायला पहिलं लागतं.

शिक्षकांनी मुलांकडून हे काम जरूर करून घ्यावं. फोन विमान अवस्थेत ठेवायचा, नाहीतर ऐन रंगात कुणाचा तरी फोन येतो. सुरुवातीला म्हणणारीचं नाव, गाव, माहेर आणि तारीख तोंडानंच सांगायची. नंतर एक प्रत दुसऱ्या जागी ठेवायची.

आणि उठण्याआधी म्हणणारीला तिथंच ऐकवायचं. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या काकूंना मी असं ऐकवलं. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "आरं गुर्जी, मधली एक ऱ्हायलीच की." आणि पुन्हा जात्याशी जाऊन बसल्या.