पेढीवरील जागल्या

आपल्या जुन्या गावगाड्यात जागल्या नावाचा एक सेवक असे. गाव निजला म्हणजे याने जागावयाचे आणि चोराची चाहूल लागताच आरोळी ठोकावयाची, हे त्याचे काम. चोर परका असो की गावातल्याच बड्या घरचा असो, आरोळी त्याला चुकत नसे. कारण तो गावाचा सेवक होता, कोणा एका वाड्याचा नव्हे. आपल्याच कचेरीतील गैरव्यवहार उजेडात आणणाऱ्या मनुष्यास हल्ली मराठी वृत्तपत्रे हेच नाव देतात. बँकेतील अशा जागल्याविषयी आज मला चार शब्द सांगावयाचे आहेत.

पेण-रोह्याच्या श्रोत्यांस हा विषय दूरचा वाटणार नाही. २०१० सालच्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि सुमारे दोन लक्ष ठेवीदारांचे पैसे अडकून पडले. त्यांत मूर्तिकार होते, छोटे दुकानदार होते, निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध होते. पुढे तपासात बोगस कर्जखाती उघडकीस आली. ठेवींवरील विम्याची मर्यादा त्या काळी अवघी एक लक्ष रुपये होती.

आता असे खाते ओळखावे कोणी? हिशेबतपासनीस येतो, पुढे मांडलेली कागदपत्रे पाहतो आणि जातो. कर्जविभागातील कारकून मात्र ती खाती रोज हाताळतो. कोणते तारण केवळ कागदावर आहे, कोणत्या जुन्या कर्जाचा हप्ता नव्या कर्जातून भरला जात आहे, हे प्रथम त्याच्याच ध्यानात येते.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत हेच घडले. एकाच बांधकाम उद्योगसमूहाकडे बँकेच्या कर्जाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग गुंतला होता. ती ४४ थकीत खाती झाकण्यासाठी २१,०४९ खोटी खाती दाखविली होती. २०१९ सालच्या सप्टेंबरात कर्जविभागातील काही स्त्री-कर्मचाऱ्यांनी ही गोष्ट रिझर्व्ह बँकेच्या कानी घातली, असे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. संचालक, हिशेबतपासनीस, मोठमोठे अधिकारी यांच्याकडून जे झाले नाही, ते या सामान्य नोकरदार स्त्रियांनी केले!

यानंतर जे झाले, त्यातच जागल्याच्या आयुष्याची खरी कसोटी आहे. त्याच महिन्यात निर्बंध आले आणि ठेवीदारास सहा महिन्यांत केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा राहिली. ती पुढे वाढविण्यात आली, तरी पहिल्या दिवशी लोकांवर आकाश कोसळले. अशा वेळी पुष्कळजण म्हणतात, "हा बोलला नसता, तर बँक चालली असती." वरिष्ठांचा रोष, बदलीची धास्ती, सहकाऱ्यांचा अबोला हे सारे सोसलेल्या मनुष्यास ज्यांच्यासाठी सोसले त्यांचेच बोल ऐकावे लागतात.

परंतु श्रोते हो, पैसा आरोळीने जात नाही. तो आरोळीपूर्वीच गेलेला असतो. मौन जितके लांबते, तितके नवे ठेवीदार आपली पुंजी त्याच खड्ड्यात टाकीत राहतात.

दुसरा आक्षेप असा, की अशा मनुष्याने खाल्ल्या मिठाला जागले नाही. पण हे मीठ कोणाचे? कारकुनाचे वेतन अध्यक्षांच्या खिशातून येत नाही. ठेवीदारांच्या पैशावर बँक चालते, म्हणून त्याने खाल्लेले मीठ ठेवीदारांचे आहे.

या मनुष्यास कायद्याचा आधार किती आहे? २००३ साली रस्तेबांधणीतील भ्रष्टाचार कळविणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांचा गया येथे खून झाला. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली मंजूर झाला, पण तो अमलात आणण्याची अधिसूचना निघालेली नाही. रिझर्व्ह बँकेने २००७ साली तक्रारदाराचे नाव गुप्त राखण्याची योजना केली, ती खासगी व परदेशी बँकांसाठी. नागरी सहकारी बँकांसाठी नव्हे.

रोह्याचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांच्याच कारकिर्दीत १९४९ चा बँकिंग कायदा झाला; सहकारी बँका १९६६ साली त्याच्या कक्षेत आल्या. ठेवींचा विमाही २०२० पासून पाच लक्ष झाला आहे. ही प्रगती खरीच. तथापि कायद्याला डोळे नसतात. ते खतावणीजवळ बसलेल्या माणसालाच असतात.

म्हणून ठेवीदारांस माझी विनंती आहे. आपण सभासद असाल, तर बँकेच्या वार्षिक सभेस जावे, अहवाल वाचावा आणि प्रश्न विचारावा. आणि एखादा कारकून भीतभीत काही सांगू लागला, तर त्याला वेड्यात काढू नये, त्याचे नाव चव्हाट्यावर आणू नये. जागल्याने एकट्याने ओरडून गाव वाचत नाही. आरोळी ऐकून गाव उठला, तरच वाचतो.