वण तसाच राहतो, फाइल मात्र हरवते

छातीवर मधोमध उभा वण असलेले बरेच जण आपल्यातच असतात, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेले. मीही त्यातलीच. माझा आजार फॅलोची टेट्रालॉजी. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला भोक आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. रडताना बाळ निळं पडतं, ते यामुळं.

याची पूर्ण दुरुस्ती पहिल्यांदा १९५४ साली अमेरिकेत डॉ. लिलेहाय यांनी केली. त्याआधी यातली बहुतेक मुलं मोठीच होत नसत, मग मोठ्यांसाठी वेगळा डॉक्टर कोण कशाला शोधेल? लंडनला डॉ. जेन सोमरव्हिल यांनी १९७५ साली अशांसाठी स्वतंत्र वॉर्ड काढला.

आमच्या घरात एकच वाक्य होतं, ‘ऑपरेशन झालं, पोरगी बरी झाली.’ हे अर्धंच खरं. अरुंद वाट मोकळी करताना तिथली झडप बऱ्याचदा नीट बंद होईनाशी होते. रक्त मागं गळतं, उजवा कप्पा वर्षानुवर्षं फुगत जातो. आणि माणसाला काही जाणवत नाही बघा! कबड्डी खेळतो, शेतात राबतो. धाप लागायला, ठोके चुकायला लागेपर्यंत कप्पा थकलेला असू शकतो. झडप बदलता येते, काहींना तर छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून. पण ती केव्हा बदलायची हे ईसीजी, इको, एमआरआय बघून ठरतं. ‘मला बरं वाटतंय’ यावरून नाही.

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच. पुढं मोठ्यांच्या ओपीडीत जावं, तर तिथली गर्दी मुख्यतः रक्तवाहिनीतल्या ब्लॉकेजची. एका दवाखान्यात मला शुगर, बीपी विचारलं, दोन्ही नाही म्हटल्यावर परत पाठवलं. वण कुणी बघितलाच नाही. म्हणून सरळ विचारायचं, ‘मोठ्यांचा जन्मजात हृदयविकार बघणारं इथं कोण आहे?’ नसेल तर मोठ्या हार्ट सेंटरची चिठ्ठी मागायची.

आपल्याकडं आणखी एक घोळ. पोर बेळगावचं, ऑपरेशन बेंगळूरला नाहीतर मुंबईला, नोकरी पुण्यात आणि फाइल आईच्या ट्रंकेत. त्या फाइलीत ऑपरेशनची नोंद असते, कुठं पॅच लावला, झडपेचं काय केलं. नवा डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतो. फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा.

आता मुलींसाठी. माझ्या लग्नाच्या बोलणीत मावशी म्हणाली, ‘वणाचं सांगू नको गं.’ मी सांगितलं. एक स्थळ गेलं, दुसरं आलं. गरोदरपणात अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, तो भार हृदयावर येतो. दुरुस्ती झालेल्या अनेकजणी सुखरूप बाळंत होतात, पण तपासणी दिवस राहण्याआधी हवी, सातव्या महिन्यात नव्हे. नवऱ्याला वणच माहीत नसेल, तर तपासणीला कुठलं कारण सांगून जाणार?

आणि दात काढायला गेलात, तर खुर्चीत बसण्याआधी डेंटिस्टला ऑपरेशनचं सांगा. काहींना आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं.