किती आणि कोण



ओरत्तनाडूत येऊन मुक्तांबाळ छत्राचं नाव न घेता बोलणं मला जमणार नाही. तंजावर-पट्टुकोट्टै रस्त्यावरचं हे छत्र, म्हणजे वाटसरूंची धर्मशाळा, दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावानं उभारलं. अशा छत्रांची व्यवस्था राजांनी १८०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रेसिडेंटला कळवली होती. ब्राह्मणापासून परय्यापर्यंत येईल त्या वाटसरूला भात मिळे, आजाऱ्याला औषध, तान्ह्याला दूध. मध्यरात्री घंटा वाजवून विचारत, कोणी जेवायचं राहिलं आहे का? रामेश्वराला निघालेल्या यात्रेकरूंची ही वाट होती.

आता आपल्या सॉफ्टवेअरच्या धंद्याकडे येऊ. छत्रात तांदूळ किती शिजवायचा हे ठरवायला काल किती पानं उठली ते कळावं लागतं. पानावर कोण बसलं होतं हे मात्र कळायची गरज नसते. सॉफ्टवेअर करणाऱ्यालाही वापराची आकडेवारी लागते, आणि ती मागण्यात काही गैर नाही. कोणती सोय लोक वापरतात, ॲप कुठे कोसळतं, जुन्या फोनवर चालतं की नाही, हे कळलं नाही तर आपण अंधारात दुरुस्त्या करत बसतो. घोटाळा होतो तो ‘किती’ विचारता विचारता ‘कोण’ हेही खिशात घालण्यात.

मराठी कीबोर्डचंच घ्या. ‘दुसऱ्या’ लिहिताना ऱ्य कसा काढायचा ते पुष्कळांना सापडत नाही. ते ‘र्य’ लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात. ही अडचण हेरायला ‘र्य लगेच खोडला गेला’ एवढ्याचा एक मोजक पुरतो. आठवड्याला एक आकडा. मनुष्य ‘दुसऱ्या’ लिहीत होता की ‘सासऱ्यांना’, आणि सासऱ्यांना काय लिहीत होता, याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. तरी सगळा मजकूरच उचलून सर्व्हरवर टाकणं सोपं जातं आणि ‘पुढे कधी उपयोगी पडेल’ या सबबीवर तो तिथे राहतो. पुढे तो बहुधा दुसऱ्याच कुणाच्या उपयोगी पडतो.

नाव काढून टाकलं की झालं, असं सांगणारे खूप भेटतात. एओएल कंपनीनं ऑगस्ट २००६ मध्ये सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांचे तीन महिन्यांचे शोध संशोधकांसाठी खुले केले. नावांच्या जागी क्रमांक घातले होते. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी निव्वळ शोधांवरून जॉर्जियातल्या एका वृद्ध बाईंचं घर शोधून काढलं. अमेरिकेसारख्या अफाट देशात हे झालं. तंजावर, कुंभकोणम्, चेन्नई, बंगळूर इथे विखुरलेल्या आपल्या तंजावर मराठी मंडळींचं काय? भाषा मराठी, पिनकोड या तालुक्याचा, फोन अमुक बनावटीचा, एवढ्या तीन गोष्टी एकत्र आल्या की नाव विचारायचीही गरज नाही. इथे बसलेले निम्मे लोक ते नाव सांगतील, वर त्यांच्या आत्याचंही सांगतील!

मोठ्या कंपन्यांचा यावरचा उपाय म्हणजे उत्तरात मुद्दाम गोंधळ मिसळणं. ही कल्पना स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडली. तिचं एक सोपं रूप सांगतो. प्रश्न असा: तुम्ही मराठी रोमन लिपीत लिहिता का? प्रत्येकानं गुपचूप नाणं उडवायचं. छापा पडला तर काहीही असो, ‘हो’ म्हणायचं. काटा पडला तर खरं सांगायचं. हजारांत सातशे ‘हो’ आले तर पाचशे नाण्याचे. उरलेल्या पाचशेंत दोनशे खरे, म्हणजे चाळीस टक्के. एकट्या माणसाच्या ‘हो’वरून मात्र त्याच्याबद्दल काहीच ठरत नाही. गूगलनं २०१४ मध्ये आणि ॲपलनं २०१६ मध्ये याच घराण्यातल्या पद्धती वापरात आणल्या.

पण हे कोटींच्या बाजारात चालतं. आपले वापरकर्ते वीस असतील तर नाण्याच्या लहरीत सगळी आकडेवारी वाहून जाते. म्हणून मोठ्यांचं गणित उसनं आणून आपलं भागणार नाही, असं माझं ठाम मत आहे. लहान भाषेच्या सॉफ्टवेअरला तीनच गोष्टी पेलतात: कमी मोजणं, विचारून मोजणं आणि मोजलेलं दाखवणं.

विचारून मोजण्याचं जुनं उदाहरण डेबियन या संगणक प्रणालीचं आहे. तिथे बसवतानाच विचारतात, कोणती पॅकेजेस वापरता ते कळवू का? आपण काही केलं नाही तर उत्तर ‘नाही’. जे ‘हो’ म्हणतात त्यांच्या आकड्यांवरून पहिल्या सीडीवर काय ठेवायचं ते ठरायचं. गो या प्रोग्रामिंग भाषेच्या मंडळींनी २०२३ मध्ये आकडेवारी आपोआप पाठवण्याचा बेत मांडला, त्यावर टीका झाली आणि त्यांनी तो बदलला. आता आकडे आपल्याच यंत्रावर साठतात आणि परवानगी दिली तरच बाहेर जातात. शहाणपण उशिरा आलं तरी चालतं.

राजीखुशीनं सांगणारे सगळ्यांचे प्रतिनिधी नसतात, हा आक्षेप मला मान्य आहे. चेन्नईतला हौशी तरुण ‘हो’ म्हणेल, कुंभकोणमच्या आजी प्रश्न वाचायच्या आधीच बंद करतील. त्यावर औषध आजींच्या फोनमध्ये चोरून शिरणं नव्हे. त्यांच्या शेजारी अर्धा तास बसून त्या कुठे अडतात ते पाहणं हे आहे.

कायद्यानंही विचारून मोजण्याचीच बाजू घेतली आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागते. त्यात मराठी आहे, तमिळही आहे.

तेव्हा इथे जमलेल्या कीबोर्ड, शब्दकोश आणि मोडी शिकवणारी ॲप्स करणाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढची आवृत्ती काढण्याआधी आपलं ॲप बाहेर काय पाठवतं ते एकदा स्वतः उघडून वाचा. ज्याचं कारण सांगता येत नाही ते काढून टाका. उरलेल्यासाठी मराठीत आणि तमिळमध्ये सरळ विचारा, ‘नाही’ आधीपासून निवडलेलं ठेवा, आणि आलेले आकडे वर्षातून एकदा सगळ्यांसमोर मांडा. दहापेक्षा कमी माणसांचा आकडा मात्र तिथे छापू नका.