आतड्याचा तट आणि घराण्याचा वारसा



आतड्यांवर व्याख्यान म्हणजे जेवणानंतर ऐकण्याचा विषय नव्हे. परंतु ज्या रोगाविषयी घरात कुजबुज होते आणि चारचौघांत मौन पाळले जाते, त्याविषयी व्यासपीठावरून बोललेच पाहिजे.

आतड्याच्या दीर्घ दाहाची मुख्य रूपे दोन. मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पाडणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस हे एक. दुसरा क्रोन रोग, न्यूयॉर्कचे डॉ. क्रोन व त्यांचे दोन सहकारी यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होतो आणि आतड्याची सबंध जाडी पोखरतो. शौचावाटे रक्त पडू लागले की आपण मूळव्याध म्हणतो, आंव म्हणतो. कित्येकांची वर्षे त्यातच जातात.

आता समोरचा सिंधुदुर्ग डोळ्यांपुढे आणा. १६६४ साली शिवरायांनी तो बांधावयास घेतला. भोवती खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींचे गोडे पाणी! मध्ये तट आहे. आपल्या पोटातही असाच एक तट आहे. एका बाजूस कोट्यवधी जंतूंचा दर्या, दुसऱ्या बाजूस रक्त. आणि मध्ये पेशींचा अवघा एक थर, केसाहूनही पातळ. त्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो. पेशी एकमेकींना घट्ट जखडलेल्या असतात आणि दर चार-पाच दिवसांनी जुन्या गळून नव्या येतात. किल्ल्याचे काम एका दरवाजावर भागते. येथे अन्नरस आत घ्यावयाचा आणि जंतू बाहेर ठेवावयाचे, हे प्रत्येक पेशीस क्षणोक्षणी करावे लागते.

या तटाची घडण जनुकांवर अवलंबून आहे. २००१ साली क्रोन रोगाशी निगडित असे पहिले जनुक सापडले, त्याचे नाव नॉड-२. जंतूच्या कवचाचा तुकडा ओळखून इशारा देणारा हा जणू बुरुजावरचा पहारेकरी. २००९ साली ब्रिटनमध्ये कोलायटिसशी संबंध असलेली जी जनुके सापडली, त्यांत पेशींना पेशी सांधणाऱ्या प्रथिनाचे जनुकही होते. म्हणजे पहारेकऱ्याप्रमाणे चुन्याचाही दोष निघाला. आज अशी दोनशेहून अधिक ठिकाणे ठाऊक आहेत, आणि बहुतेकांचा एकेकटा परिणाम अगदी थोडा आहे. नॉड-२ मधील जे दोष युरोपीय रोग्यांत वारंवार आढळतात, ते भारतीयांत क्वचितच सापडतात. तिकडची कसोटी इकडे जशीच्या तशी लावणे हा शास्त्राचा नव्हे, व्यापाराचा उत्साह होय.

मग "रोग रक्तातच आहे" हे म्हणणे खरे काय? जुळ्यांकडे पाहा. एकाच गर्भपेशीपासून झालेल्या जुळ्यांपैकी एकास कोलायटिस असला, तरी बहुतेक जोड्यांत दुसरा निरोगी राहतो. क्रोन रोगात आनुवंशिकतेचा वाटा अधिक, तरी तेथेही दुसरा पुष्कळदा सुटतो. रोग्यांच्या निरोगी भावंडांतही कधीकधी तट किंचित पाझरता आढळतो, पण त्यांतील थोड्यांनाच पुढे रोग होतो. शिवाय भारतात हा रोग गेल्या काही दशकांत वाढला. जनुके काही एका पिढीत बदलत नाहीत. आहार, प्रतिजैविके, शहरी राहणी यांवर संशय आहे. धूम्रपानाने क्रोन रोग बळावतो, हे तर पक्के. बिचाऱ्या मालवणी मसाल्यावर मात्र उगाच आळ येतो. दाह उसळलेला असताना तिखट सोसत नाही, पण तिखटाने रोग जडतो असे सिद्ध झालेले नाही.

आपल्याकडे आणखी एक पेच आहे. लहान आतडे मोठ्यास मिळते, तेथेच क्षयही ठाण मांडतो आणि हुबेहूब क्रोनसारखा दिसतो. क्षय असताना दाह दडपणारी स्टेरॉइडे दिली तर क्षय फोफावतो. क्रोन असताना नुसती क्षयाची औषधे देत बसले तर आतडे आक्रसते. म्हणून दुर्बिणीची तपासणी व तुकड्याची परीक्षा टाळू नये, त्यासाठी बांबोळीची खेप पडली तरी चालेल.

उरला सोयरिकीचा प्रश्न. ज्या घरात असा रोगी आहे तेथील मुलीचे स्थळ फिरते, हे आपण सारे जाणतो. आईस किंवा बापास रोग असला, तर मुलास तो होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो, हे मी लपवणार नाही. पण अशी बहुतेक मुले आयुष्यभर निरोगी राहतात. अमक्याला रोग होईलच, असे लग्नाआधी सांगणारी रक्ताची परीक्षा आजही नाही. प्रत्यक्ष मुलीसच रोग असेल तर तो शांत असताना राहिलेले गर्भारपण बहुधा सुरळीत पार पडते. मात्र सासरी कळेल या भीतीने औषध आपल्या मनाने बंद करू नये, आणि त्यांतले एखादे गर्भारपणी चालत नसेल तर ते आधीच डॉक्टरांकडून बदलून घ्यावे.