वर्षभराचें फुलीकाम आणि सणांच्या भेटी

(महोत्सवी वर्षाच्या आरंभीं सेमाडोह येथें जमलेल्या भगिनींपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या वर्षीं प्रत्येक घरांत हातची कांहींतरी भेट पोंचावी, अशी आपणां सर्वांची इच्छा आहे. इच्छा स्तुत्य आहे. परंतु आरंभ केलेलीं कामें आणि पुरीं झालेलीं कामें यांची गणती सहसा सारखी येत नाहीं. म्हणून आज आम्ही टांका कसा घालावा याविषयीं थोडें आणि वर्ष कसें आंखावें याविषयीं अधिक बोलणार आहों.

फुलीचा टांका, म्हणजे शाळेंत शिकलेल्या मुली ज्याला क्रॉस स्टिच म्हणतात तो, कांहीं केवळ परदेशांतूनच आलेला नाहीं. धारवाडकडील कसुती नांवाच्या कशिद्यांत या टांक्यास मेंथी म्हणतात. आणि आपल्या उत्तरेस लागून असलेल्या निमाडांतील बंजारा स्त्रियाहि कापडाच्या विणीचे धागे मोजून फुलीची नक्षी भरीत आल्या आहेत. युरोपांत पूर्वीं लहान मुली एका पट्टीवर अक्षरें, आंकडे आणि शेवटीं स्वतःचें नांव व साल भरून हात बसवीत. पॅलेस्टाइनमधील स्त्रियांच्या भरतकामास, ज्यांत फुलीचा टांका मुख्य आहे, युनेस्कोनें २०२१ सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. ज्याला धागे मोजतां येतात त्याला हें काम येतें. चित्र काढतां येण्याची गरज नाहीं. म्हणूनच तें नातीला आणि आजीला एकाच बैठकींत शिकवितां येतें.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. शहरांतील भगिनी २५ डिसेंबर ही तारीख डोळ्यांपुढें ठेवून मागें मोजीत येतात. सेमाडोहला हा हिशेब लागू पडत नाहीं. दिवाळी आटोपली कीं मेळघाटांतलीं कित्येक कोरकू कुटुंबें परतवाडा, अचलपूर, अकोट अशा मैदानी मुलखाकडे आणि त्याहूनहि दूर मजुरीस उतरतात, आणि होळीच्या सणाला गांवीं परततात. नाताळचा दिवस उजाडतो तेव्हां, ज्यांच्यासाठीं भेट केली त्यांतलीं पुष्कळ माणसें येथें नसतात. मग ती भेट कपाटांत पडून राहते आणि देणारीच्या मनाला रुखरुख लावते. भेटीची तारीख सणावरून ठरवूं नये. घेणारा गांवांत केव्हांपर्यंत आहे यावरून ठरवावी. म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, नाताळची भेट दिवाळीपूर्वीं पुरी व्हावी आणि ईस्टरची भेट होळीला आलेल्यांच्या हातीं पडावी.

या हिशेबानें वर्षाचे भाग आपोआप पडतात. जानेवारी आणि फेब्रुवारी या महिन्यांत ऊन स्वच्छ असतें, हवा कोरडी असते व हाताला घाम येत नाहीं. पांढऱ्या कापडावरचें आणि मोठें काम याच दिवसांत करावें. मार्चपासून मोहफुलें वेंचण्याची व पुढें तेंदूपानांची घाई असते, शिवाय दुपारचा उकाडा. त्या काळांत सकाळचा एखादा तास काढून कापड बेतणें, कडा शिवून घेणें व चौकटीच्या कागदावर नक्षी उतरविणें, एवढेंच करावें. जूनपासून सप्टेंबरपर्यंत शेत आणि पाऊस. सिपना भरून वाहते, घरांत दिवसाहि अंधारून येतें. तेव्हां नवें काम हातीं घेऊं नये. उंबऱ्याजवळ उजेडांत बसून एखादी लहान पट्टी भरावी, डोळ्यांस ताण देऊं नये. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरांत राहिलेलें काम जोडून, धुऊन, इस्त्री करून दिवाळीआधीं वांटावें. नोव्हेंबर-डिसेंबर हे महिने गांवीं राहणाऱ्यांच्या हातचे. गोठ्याच्या देखाव्याचे तारे, वेदीचीं लहान कापडें आणि पुढील वर्षाची यादी हीं कामें तेव्हांचीं.

यानंतर भेट कोणती, हा प्रश्न. भिंतीवर लावण्याची कांचेची तसबीर दिसावयास सुंदर असते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ज्या कुटुंबाला चार महिने दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर खोपटांत काढावयाचे आहेत, त्यानें ती कोठें टांगावी? त्याला हलकी, धुतां येणारी आणि गांठोड्यांत मावणारी वस्तु हवी. आमच्या मतें या वर्षाची उत्तम भेट म्हणजे कागदपत्रांची पिशवी. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि मुलाच्या लसीकरणाचें कार्ड हीं तीन तींत राहावींत. आंतून जाड प्लास्टिकचें अस्तर असावें म्हणजे ओल लागणार नाहीं. वर झांकण आणि नाडी असावी. परगांवीं मुलाचें कार्ड हरवलें तर कोणती लस झाली व कोणती राहिली, हें सांगणें आईला कठीण पडतें. झांकणावर त्या मुलाचें नांव भरलेलें असलें म्हणजे पिशवी कोणी इकडे तिकडे टाकीत नाहीं. भेट ती भेट आणि उपयोग तो उपयोग.

आतां थोडें गणित करूं. बाजारांत मिळणाऱ्या मॅटीच्या कापडांत एका इंचांत चौदा घरें येणारा प्रकार धरूं. पिशवीच्या झांकणावर सहा इंच लांब व सुमारें दीड इंच रुंद पट्टी, म्हणजे ८४ घरें लांब आणि २० घरें उंच, एकूण १६८० घरें. त्यांतलीं एक तृतीयांश भरलीं तर ५६० फुल्या. साधारण हातानें ताशीं शंभर फुल्या होतात असें धरलें, तर सुमारें सहा तास. शिवणीचे दोन मिळवून आठ. वीस पिशव्यांस १६० तास लागतील. आठ भगिनींनीं वांटून घेतले तर प्रत्येकीच्या वांट्यास वीस तास. रोज अर्धा तास, आठवड्यांतून पांच दिवस, असे आठ आठवडे. याउलट पांच इंच रुंद व सहा इंच उंच असें पूर्ण भरलेलें एक चित्र घेतलें तर त्यांत ५८८० फुल्या येतात, आणि त्याच वेगानें एकटीला जवळजवळ सहा महिने लागतात. एका चित्राच्या वेळांत सात पिशव्या होतात. आपला वेग मात्र प्रत्येकीनें घड्याळ लावून स्वतः मोजावा; दुसरीच्या वेगावर आपलें वर्ष आंखूं नये.

दोऱ्याचाहि हिशेब असाच करावा. आठ मीटरच्या सहापदरी लडींतून दोन-दोन पदर घेतल्यास, वाया जाणारें धरून, सुमारें सोळाशें फुल्या निघतात. वीस पिशव्यांच्या ११,२०० फुल्यांस सात लड्या पुरतील. जपून आठ घ्याव्यात. एका रंगाच्या सर्व लड्या एकदमच घ्याव्यात, कारण पुढल्या खेपेस त्याच क्रमांकाची छटा किंचित् निराळी निघण्याचा संभव असतो. तांबडा दोरा ओला करून पांढऱ्या फडक्यांत दाबून पाहावा. रंग सुटला तर तो या कामास घेऊं नये. सर्व फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेस पडावा आणि दोऱ्याला गांठ मारूं नये, शेंडा मागल्या टांक्यांखालीं दडवावा. पावसाळ्यांत सुई कापडांत टोंचून ठेवूं नये. गंजाचा डाग निघत नाहीं. अर्धवट काम घडी न घालतां गुंडाळून ठेवावें आणि ऊन पडतांच हवेंत टाकावें.

नक्षी पुस्तकांतलीच घ्यावी असें नाहीं. सागाचें रुंद पान, मोहाचें फूल, बांबूचीं पेरें, सिपनेच्या लाटा या सर्वांस चौकटींत उतरतां येतें. रानपिंगळा हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी शंभराहून अधिक वर्षें नाहींसा झाला असें मानीत होते. तो १९९७ सालीं खानदेशांत शहाद्याजवळ पुन्हां आढळला आणि आपल्या मेळघाटांतहि त्याचा वास आहे. त्याचे वाटोळे डोळे मुलांना फार आवडतील. एक गोष्ट मात्र जपावी. कोरकू बांधव आपल्या मृतांच्या स्मरणार्थ सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेली लांकडी फळी उभारतात, तिला मुंडा म्हणतात. हातानें घडविलेल्या स्मरणचिन्हाचा तो या मातींतला थोर नमुना होय. परंतु ती गेलेल्यांची खूण आहे. केवळ सुंदर दिसते म्हणून ती लेंकराच्या पिशवीवर उतरवूं नये.

नांव देवनागरींत भरावें. शिरोरेषा धाग्याच्या रांगेनें सरळ जाते, त्यामुळें आपली अक्षरें या कामास सोयीचीं आहेत. अक्षरास नऊ घरें, वरच्या मात्रेस पांच आणि खालच्या उकारास चार सोडलीं कीं वीस घरांच्या पट्टींत नांव बसतें. फुलें-पानें जानेवारी-फेब्रुवारींत भरून ठेवावींत. नांव मात्र ऑक्टोबरांत भरावें, म्हणजे वर्षाच्या मध्यें जन्मलेलें मूल वगळलें जाणार नाहीं.

शेवटीं महोत्सवाच्या वस्त्राविषयीं. एकच मोठें कापड दोघीतिघींनीं भरावें, अशी सूचना पुढें आली आहे. आमची विनंती निराळी आहे. चार चार इंचांचे अठ्ठेचाळीस चौकोन करावेत, आणि एकेका घराला एकेक द्यावा. जी भगिनी मजुरीस जाणार आहे तिनें आपला चौकोन, एक सुई आणि थोडा दोरा गुंडाळून बरोबर न्यावा व होळीस परत आणावा. ज्या हाताला तिकडे सवड मिळाली नाहीं त्याचा चौकोन कोराच जोडावा. तो दुसरीनें भरून टाकूं नये. सहा ओळी आणि आठ रांगा जोडल्या कीं दोन फूट रुंद व सुमारें पावणेतीन फूट लांब वस्त्र होईल. त्यांतले कोरे चौकोन पुढल्या वर्षीं, ज्यांचे त्यांनीं परत आल्यावर भरावेत. वस्त्र वेळेवर पुरें झालें नाहीं असें कोणी म्हणेल. पण त्यांतून कोणी वगळलें गेलें, असें म्हणावें लागणार नाहीं.

तरी येत्या रविवारीं प्रत्येकीनें दोन गोष्टी लिहून आणाव्यात: आपल्या शेजारचीं कोणतीं कुटुंबें दिवाळीनंतर बाहेर जातात, आणि आपणांस आठवड्यांत खरोखर किती तास मोकळे मिळतात. लिहितां येत नसेल तर तोंडीं सांगावें, आम्ही टिपून घेऊं. त्यावरून किती पिशव्या करावयाच्या तें ठरवूं, आणि मगच दोरा आणूं.